मायच्या पोटातले खडे

माझी माय पार्बताबाई वांग्याची भाजी अशी करायची की आजूबाजूच्या गावांतले लोक नवस फेडायचा दिवस आधी तिला विचारायचे आणि मग ठरवायचे. वऱ्हाडात नवस म्हटला की रोडगे आलेच. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, चुरायचे, त्यावर तूप आणि वरण ओतायचं, आणि शेजारी वांग्याची भाजी. तिच्यावर तेलाची बोटभर तर्री आली नाही तर जेवणारा वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. भाजीचे मोठे गंज, म्हणजे पातेली, उचलायचं काम पुरुषांचं. माय उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडायची. तेल टाका, तिखट टाका, आता झाका. मिशीवाल्या बाप्यांना ती 'अरे' म्हणायची आणि ते निमूट ऐकायचे.

वांगी आमच्याच वावरातली. नांदगाव खंडेश्वरपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव, तिथं अडीच एकर ओलिताचं रान. माय दिवस उजाडताना तोडा करायची आणि आठवड्यातून तीनदा माल घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायची. त्या वांग्यांवर मी शिकले, डी. फार्मसी झाले, लग्न होऊन अकोल्याला गेले. तिथं एका औषधाच्या दुकानात काम करते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या त्या शिक्षणाचाही हात आहे.

मायचं पोट पहिल्यांदा दुखलं ते चैत्रात, एका लग्नाच्या पंगतीवरून उठल्यावर. उजव्या बरगडीखाली कळ आली आणि पाठीत खांद्यापर्यंत गेली. बाबांनी ओवा दिला, सोडा दिला. शेजारचे खुशालराव म्हणाले, गॅस आहे. आमच्याकडे बाईच्या पोटात जे काही दुखतं तो गॅसच असतो, पुरुषाच्या दुखलं तर गाडी बोलावतात. तिसऱ्यांदा दुखलं तेव्हा मी अकोल्याहून आले आणि तिला अमरावतीला नेऊन सोनोग्राफी करवली.

पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. डॉक्टर भले होते. त्यांनी कागदावर लिव्हर काढलं, त्याच्याखाली छोटी पिशवी काढली आणि पिशवीत पेनानं सात-आठ ठिपके मारले. म्हणाले, पिशवी खड्यांसकट काढून टाकायची. दुर्बिणीतून होतं, पोटावर चार बारीक भोकं, दोन दिवसांत घरी. नाही काढली तर काय, असं मायनं विचारलं. दुखत राहील, डॉक्टर म्हणाले, आणि एखादा बारका खडा निसटून नळीत अडकला तर जिवावर बेतेल. तो कधी निसटेल ते सांगता येत नाही. मायनं मान हलवली. जूनच्या बारा तारखेला भरती व्हायचं ठरलं. पैशाची अडचण नव्हती, कार्ड होतं, योजना होती, सगळं होतं.

पण गाव होतं ना. खुशालरावांना दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता आणि कुळथाचं पाणी पिऊन तो पडला होता. तेव्हापासून ते खड्यांचे डॉक्टर झाले होते. माझा धाकटा भाऊ गोपाल किलोभर कुळीथ घेऊन आला. मी फोनवर ओरडून सांगितलं की तो खडा वेगळा, हा वेगळा. तो लघवीच्या वाटेनं जातो, याला जायला वाटच नाही. गोपाल म्हणाला, पिऊन पाहायला काय जातं? आमच्या घरात कुठल्याही मूर्खपणाचं समर्थन याच एका वाक्यानं होतं.

आणि मग बाबांनी नवस बोलला. उत्तमराव, माझे बाबा, हे वाईट गृहस्थ नाहीत. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उचलला नाही. फक्त जे करायला पाहिजे ते सोडून बाकी सगळं ते मनापासून करतात. जूनच्या पाच तारखेला ते गावाबाहेरच्या मारुतीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, इचं पोट दुखायचं थांबू दे, मार्गशीर्षात अख्ख्या गावाला रोडगे घालीन. आणि मायचं पोट दुखायचं खरोखर थांबलं. बारा तारीख आली आणि गेली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा बाबांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, आता गरज नाही.

मी तणतणत गावी गेले. बाबा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मारुतीची गोष्ट सांगत होते. माय चुलीपाशी एकटी जेवत होती. तिच्या ताटात ज्वारीची भाकर होती, पाण्यात उकडलेला दोडका होता आणि लोणी काढलेलं ताक. फोडणीचा थेंब नाही. मला पाहून तिनं ताट पदराखाली घेतलं. तेव्हा मला कळलं की दुखणं थांबलं होतं ते कशानं.

डॉक्टरांनी तेलतूप बंद करायला सांगितलं होतं, ते तिनं केलं होतं. पण गुपचूप. घरच्यांसाठी रोजची तर्रीची भाजी करायची आणि स्वतःपुरतं हे बेचव उकडून घ्यायचं. मी म्हटलं, बाबांना सांग की हे नवसानं झालं नाही. ती म्हणाली, "कायले सांगू? त्यायले देव पावला, मले सुरी चुकली. दोघंयबी खूश आहो."

सुरीचं भय तिला का होतं हे मला माहीत होतं, तरी मी ते विसरले होते. तिची थोरली बहीण मैनाबाई कुटुंब नियोजनाच्या शिबिरात गेली होती. एका खोलीत जमिनीवर रांगेनं बायका, एकीचं झालं की दुसरी. मैनामावशी सकाळी पायी गेली आणि तिसऱ्या दिवशी बैलगाडीत झाकून घरी आली. माय तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्या गाडीमागून ती चालत आली होती. डॉक्टरांनी काढलेल्या चित्राला तिनं मान हलवली, पण तिच्या डोळ्यापुढं ती गाडीच असणार. मी तिला समजावलं की काळ बदलला, मशिनी बदलल्या. ती म्हणाली, माणसं तीच आहेत.

तेव्हा मी काय केलं? खरं तर तिचा हात धरून अमरावतीची एसटी पकडायला पाहिजे होती. मी अकोल्याला परत आले आणि दुकानातून तिच्यासाठी कळ थांबवायच्या गोळ्या पाठवल्या. दुखलं की एक घे, कोणाला सांगू नको. महिन्या-दीड महिन्यात एखादी लागायची. ती घ्यायची, बरं वाटायचं, बाबांचा मारुती आणखी मोठा व्हायचा. दुसऱ्या कुणी अशा गोळ्या मागितल्या असत्या तर मी विचारलं असतं, डॉक्टरांना दाखवलं का? आईला विचारलं नाही. बाबांच्या नवसाला मी आज शिव्या घालते, पण माझ्या गोळ्या तरी काय वेगळं करत होत्या?

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या शनिवारी रोडगे झाले. मी आदल्या दिवशीच पोहोचले. मारुतीच्या पारासमोर गोवऱ्या रचून हारे पेटवले, तीन गंज वांगी चढली. सहा महिन्यांत माय निम्मी झाली होती, गळ्याखाली हाडं दिसत होती. लोक म्हणत होते, बाई कशी हलकी झाली, रोग गेला. माय बादलीवर बसली. तेल टाका, तिखट टाका. ती त्या दिवशी खुशीत होती, मी तिला तसं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या नावाचा नवस, पहिला घास त्याचा. तो खाल्ल्याशिवाय पंगत बसत नाही. बाबांनी स्वतः ताट वाढलं. चुरलेल्या रोडग्यात खड्डा करून त्यात तूप ओतलं, ते काठावरून वाहायला लागलं तरी ओतत राहिले. भाजी वाढली. दोन-अडीचशे माणसं पाहत उभी होती. मी पुढं झाले आणि मायच्या कानात म्हटलं, नुसतं ओठाला लाव आणि ठेव. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिनं पहिला घास घेतला. लोकांनी मारुतीचा जयजयकार केला. मग तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. सहा महिने उकडलेला दोडका खाणारी बाई स्वतःच्या हातची भाजी खात होती, आणि भुकेल्या लेकरासारखी खात होती. ताटातले रोडगे संपले तेव्हा तिनं बाबांपुढं ताट केलं आणि आणखी भाजी मागितली. बाबांचा चेहरा फुलला. मी तिथं सगळ्यांसमोर ओरडायला पाहिजे होतं, ताट ओढायला पाहिजे होतं. माझ्याच्यानं झालं नाही. नवसाच्या पंगतीत विघ्न आणणारी पोरगी, हे मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर तिला तसं जेवताना पाहून मलाही बरं वाटलं होतं. मी स्वतः पंगतीला बसायच्या आधी तिच्या हातात एक गोळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्याजवळ वाकून बसलेली सापडली. उलट्या थांबत नव्हत्या, कळ पाठीतून आरपार जात होती. बाबा म्हणाले, काल दगदग झाली. माझी गोळी चालली नाही, दुसरीही चालली नाही. दुपारी अमरावतीला पोहोचलो तोवर तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. डॉक्टर तेच, जूनवाले. त्यांनी चित्र काढलं नाही. खडा नळीत अडकलाय, स्वादुपिंडाला सूज आहे, एवढंच बोलले आणि तिला आत घेतलं.

तिसऱ्या दिवशी तिला थोडी शुद्ध होती. नाकात नळी, दोन्ही हातांत सुया. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"डाक्टरले सांग, काढून टाका म्हणा ते पिशवी," ती म्हणाली. "मी आता भेत नाई. मी तयार आहो."

मी धावत गेले. डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता नाही करता येणार. या सुजेत पोट उघडलं तर टेबलावरच जाईल. सूज उतरू द्या, मग पाहू. जूनमध्ये ते तारीख देत होते आणि आम्हाला नको होती. आता आम्ही मागत होतो आणि त्यांच्याकडे नव्हती. मी परत जाऊन मायला सांगितलं, उद्या करणार आहेत. ती हो म्हणाली. रोज विचारायची, रोज मी उद्या सांगायची. अकराव्या दिवशी तिनं विचारलं नाही. त्या दुपारी ती गेली.

तेराव्याला बाबा लोकांना सांगत होते की देवाचं काही चुकलं नाही, आपल्याच हातून विधीत काही कमी राहिलं असेल. कोणी म्हणालं, पंगतीच्या आधी एका पोरानं रोडगा उष्टा केला होता. दुसऱ्यानं सांगितलं, गोवऱ्या विकतच्या होत्या. खुशालरावांनी सगळ्यांचं ऐकून मान डोलावली. मी उठले आणि एसटीला जाऊन बसले. त्यानंतर सव्वा वर्ष मी बाबांशी कामापुरतं बोलले, तेही फोनवर.

मग गेल्या फाल्गुनात एका दुपारी दुकानात फोन वाजला. बाबा होते. आवाज ओळखू येत नव्हता इतका बारीक झाला होता. उजव्या बरगडीखाली कळ आली होती, पाठीत गेली होती. पहिलीच कळ. त्यांनी ओवा घेतला नाही, कुळीथ उकळला नाही, कोणत्या देवापुढं उभे राहिले नाहीत. गोपालला गाडी काढायला लावून ते सरळ अमरावतीला निघाले होते आणि वाटेतून मला बोलत होते, लवकर ये. मी पोहोचले तोवर सोनोग्राफी झाली होती. दोन खडे. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, महिन्याभरात केव्हाही करू. बाबांनी हात जोडले आणि विचारलं, उद्या होईल का?

परवा झालं. कागदावर सही मी केली. सही करताना मला खूप काही बोलायचं होतं, पण ते कापडी टोपी घालून स्ट्रेचरवर पडले होते, म्हणून गिळलं. तासाभरात ते बाहेर आले. संध्याकाळी चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चालत जाऊन तोंड धुऊन आले.

पलंगावर बसून त्यांनी सदरा वर केला आणि पोटावरच्या पट्ट्या बोटानं मोजल्या. चार होत्या. पुन्हा मोजल्या.

"इतलंच होतं काय वं, वर्षाली?" ते म्हणाले. "तुह्या मायचं इतलंच करा लागत होतं?"

"हो बाबा," मी म्हटलं. "इतलंच."

त्यांनी सदरा खाली केला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. टाके दुखत असणार, प्रत्येक हुंदक्याला ते पोट धरत होते. मी उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला पाहिजे होता. मी खुर्चीवर बसून राहिले.