सोवळ्यातला पट्टा

पाटावर बसताना गुरुजी आधी पोट बसवायचे. दोन्ही हातांनी ते उचलून, झोपलेलं मूल ठेवावं तसं मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "बसा महाराज." मग स्वतः टेकायचे. त्यांनी बुडी मारली की गंगा दोन पायऱ्या वर चढते आणि खालच्या गावांना इशारा द्यावा लागतो, असं मी गिऱ्हाइकांना शपथेवर सांगत असे. ते कानावर गेलं की गुरुजी म्हणत, "तुझ्या बोलण्यातलं निम्मं गंगेला सोडलं रे. उरलेल्याचं काय करू?"

माझं दुकान पंचवटीत, घाटाच्या तोंडाशी, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. गुरुजींची बसायची जागा तिथून समोरच. तीस वर्षं मी त्यांना रोज पाहिलं. ते जाऊन आता वर्ष होत आलं. ऐन भरातलं वजन एकशे पस्तीस किलो. मी दोनशे सांगतो, कारण ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना एकशे पस्तीस पटत नाही.

साखर वाढली, गुडघे गेले, डॉक्टरांनी दम भरला. गुरुजींनी श्राद्धाचं जेवण सोडलं. खीर आणि वड्यांच्या बळावर ज्याने निम्म्या जिल्ह्याचे पितर तृप्त केले, तो माणूस यजमानाच्या घरून पेलाभर ताक पिऊन उठायला लागला. पहाटे पंचवटीतून निघून सोमेश्वरपर्यंत चालत जायचे. दोन वर्षांत साठ किलो गेले. तुम्ही म्हणाल, छान झालं. आम्हीही तेच म्हणालो आणि त्यांनाच सोडून सगळ्या घाटावर पेढे वाटले.

पण किलो गेले आणि कातडी मागे राहिली. पोटावरून मांडीपर्यंत लोंबायची. गुरुजी ती निऱ्यांसारखी गोळा करून पंच्यात खोचायचे. घाटावर आता बनियन घालून बसणारे तुम्हीही पाहिले असतील. शर्ट-पँटीत संकल्प सांगणारेही आहेत. गुरुजींचं मात्र ठरलेलं: विधीला अंगावर शिवलेलं वस्त्र नाही. म्हणजे जे काय होतं ते चारचौघांत उघडं. त्यात स्नान करून ओल्या पंच्यात बसायचं. घडीखाली ओल राहायची, चिरा पडायच्या, रक्त यायचं. त्यांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो, सकाळ-संध्याकाळ ती घडी उचलून औषध लावत.

एकदा बागलाणातलं एक जुनं कुटुंब आलं. त्यांच्यातला म्हातारा गुरुजींसमोर उभा राहिला आणि ओरडला, "हाऊ आमना गुरुजी नही शे!" गुरुजींनी वही उघडली आणि त्याच्या चार पिढ्यांची नावं वाचून दाखवली. म्हातारा पाया पडला, पण नजर पोटावरून हलेना.

"मोठा आजार शे का?"

"नाही हो. बरा झालोय."

हे वाक्य ते दिवसातून वीसदा म्हणत. मला एकदा म्हणाले, "जाड होतो तेव्हा अंगाने दमायचो. आता उत्तरं देऊन दमतो. ते जास्त आहे रे."

शेवटी गंगापूर रोडवरच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना दाखवलं. ही कातडी व्यायामाने आत जाणार नाही, कापूनच काढावी लागेल, असं त्या म्हणाल्या. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत छेद आणि बेंबी नव्या जागी. बातमी घाटावर माझ्यामुळेच फुटली, हे कबूल करतो. त्यात मी दोन बेंब्या केल्या, हेही. मग सुरू झालं. "या वयात हिरो व्हायचंय का गुरुजी?" "पुन्हा बाशिंग बांधताय की काय?" काकू एवढंच म्हणाल्या, "ज्याला हसू येतंय त्याने उद्या सकाळी येऊन औषध लावावं." कुणी गेलं नाही. मीही नाही.

ऑपरेशनच्या आधी मी बरोबर होतो. गुरुजींनी डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला. "काढलेल्या कातडीचं पुढे काय करता?"

"जाळतात, काका."

"मंत्राशिवाय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी म्हणेन की काहीतरी." गुरुजींनी हातानेच मला थांबवलं. मग म्हणाले, "राहू दे. तेवढं आपलं पुढे गेलं म्हणायचं."

सहा किलो निघाली. हा आकडा मी कधी वाढवून सांगितला नाही.

सहा आठवडे पोटाला घट्ट पट्टा, दिवसरात्र. तो काढून बसलात तर कातडीखाली पाणी साचेल, टाके उसवतील, पुन्हा कापावं लागेल, असं बाईंनी तीन वेळा बजावलं. तोवर घाट बंद.

तिसऱ्या आठवड्यात माझी आई गेली. तिने गुरुजींकडून कधीचा शब्द घेऊन ठेवला होता की माझा दहावा तुम्हीच करायचा, त्या घाईघाईने उरकणाऱ्या पोरांकडे द्यायचा नाही. मी निरोप पाठवला, दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. उलटा निरोप आला, "सांगून बघ."

दहाव्याला सकाळी ते काकूंचा हात धरून रिक्षातून उतरले ते थेट माझ्या दुकानात आले. शटर अर्धं ओढून, हंड्या-घागरींच्या आडोशाला उभे राहून पट्ट्याचे हुक काढायला लागले. मी डोकं भादरून समोर उभा.

"गुरुजी, राहू द्या तो."

"शिवलेला आहे."

"आता तुम्हीच शिवलेले आहात की!"

ते हसले नाहीत. दुसरा हुक निघाला. तिसऱ्याला ते घागरीला टेकले. कपाळावर घाम. दोन तास उघड्या पोटाने मांडी घालून हा माणूस बसणार आणि उठेल तेव्हा त्याला सरळ दवाखान्यात न्यावं लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आयुष्यभर ज्याचा सराव केला तेच तोंडातून आलं.

"आई म्हणाली होती."

"काय?"

"जायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, गुरुजींना सांग, पट्टा काढून बसलात तर मी पिंड घेणार नाही."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. आता निम्मं गंगेला सोडतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी काही सोडलं नाही. एकेक हुक पुन्हा लावला, वरून उपरणं गुंडाळलं आणि शटरखालून वाकून बाहेर पडले.

सिंहस्थाच्या कामांमुळे निम्मा घाट खणलेला, त्यामुळे उरलेल्या जागेवर गर्दी. उपरण्याखालून पट्ट्याची कड दिसत होती. शेजारच्या पाटावरचे गुरुजी मोठ्याने खाकरले. पलीकडच्याने मान फिरवली. आमच्या गुरुजींचा आवाज बारीक झाला होता, पण त्यांनी एकही मंत्र गाळला नाही. आईचं नाव दर वेळी पूर्ण घेतलं.

सगळं झालं तेव्हा मी हात दिला. ते कसेबसे उभे राहिले आणि तसेच माझ्या खांद्यावर टेकले, सगळ्या अंगाने.

"आमची ही शेवटचे चार दिवस तुझ्या आईच्या उशाशी होती," ते कानाशी म्हणाले. "वाचा गेली होती ना तिची?"

"हो."

"हं."

रागाचा सूर नव्हता. डोळे मिटलेले. "थांब जरा. दमलो."

मागे पुढचं कुटुंब पिंडांचं ताट घेऊन कधीचं ताटकळत होतं. त्यांच्यातल्या एकाने माझ्या पाठीला हात लावला. "झालं का तुमचं? आम्हाला जागा हवी होती."

"एक विधी राहिलाय अजून," मी म्हणालो.

"किती वेळचा?"

मी गुरुजींच्या डोक्याखालचा खांदा जरा सरळ केला.

"मोठा आहे," म्हणालो. "बसून घ्या."