आधी माझा घास

बाजारात पाटी मांडली की भागाबाई भोईण आधी स्वतः जेवत असे. आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात लिंबाखाली तिची जागा होती. गिऱ्हाईक समोर ताटकळत असले तरी ती मासळीवरचे ओले फडके काढत नसे. कमरेची पुरचुंडी सोडायची, त्याच मासळीतला भाजलेला तुकडा भाकरीवर ठेवायची आणि सगळ्यांच्या देखत सावकाश खायची. काटे बाजूला टाकून, बोटे पुसून झाली की मगच पाटी उघडी व्हायची.

रहीमचाचा पिंजारी तिचे जुने गिऱ्हाईक. ते दर बाजारी चिडवत, "भागाबाई, गिराक भुका हौर दुकानदार खाने बैठा!"

"दमा की चाचा," ती घास चावत म्हणे. "माझ्या नरड्याखाली उतरलं म्हंजी तुमच्याबी उतरंल."

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि भोयांच्या आळीच्या तोंडाशी खोली घेऊन राहत होतो. मासळी आधी आपल्या चुलीवर, मग दुसऱ्याच्या, हा त्या आळीचा जुना रिवाज. इतर बायका तो घरी पाळत. ही बाजारात का पाळते, असे मी एकदा विचारले. "घरात खाल्लेलं कोन बगतंय, मास्तर?" एवढेच ती म्हणाली. मी दिवा लावून वाचत बसलो की दारावरून जाताना टोमणा असे, "पुस्तकात बगून बगून डोळे मरळीवानी झाले तुमचे." थोड्या वेळाने तिची सून गंगू कालवणाची वाटी आणून ठेवी.

लढाईच्या दिवसांतला तो उन्हाळा मला विसरता येत नाही. संस्थानाच्या लेव्हीत, सक्तीच्या धान्यवसुलीत, ज्वारी गेली होती. गरिबांच्या घरात जे शिजे ते तळ्यातले. तळे आटत मध्यावर आले, काठाला शेणामुताचा चिखल राहिला, आणि एका सकाळी पाण्यावर हिरवी साय दिसली. रंगाऱ्याने पिंप ओतावे तसा दाट, चकचकीत हिरवा रंग. वास असा की पदर नाकाला लावावा. त्या पाण्याला तोंड लावलेल्या दोन बकऱ्या काठावरच आडव्या झाल्या. मग मासे पोट वर करून तरंगू लागले.

तळ्यातल्या मासळीचा गुत्ता, म्हणजे ठेका, बाहेरगावच्या माणसाकडे होता. त्याचा मुन्शी आळीत आला. "मासळी मेली म्हणून मातीत घालायची का? गोळा करा. मीठ लावा, वाळवा, बाजारात न्या."

आळीतल्या चुली थंड होत्या. माणसे निमूट पाण्यात उतरली. भागाबाई काठावर बसून राहिली.

मुन्शीला तिची मेहनत नको होती. त्याला तिचे तोंड हवे होते. ती खाते म्हणजे मासळी चांगली, हे सगळा बाजार जाणत होता. "लिंबाखाली बसून एक तुकडा खायचा," तो म्हणाला. "तळ्यात तुझं जाळं कायम. नाही खाल्लास तर तळ्याकडं फिरकायचं नाही."

शेजारणी तिच्यावरच तुटून पडल्या. "खाऊन टाक की एक तुकडा, भागे! मरत न्हाईस."

"मरायचं भ्या न्हाई," ती म्हणाली. "म्या खाल्लं की आख्खा बाजार खाईल. त्याचं भ्या हाय."

"इख हाय का त्यात? तुला ठावं हाय?"

"न्हाई ठावं. लेकराला ज्याचा घास देनार न्हाई त्यो बाजारात खाऊन दावनार न्हाई. बस."

मलाही ठाऊक नव्हते. ती साय म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा थर असतो, कधी तो विषारीही असतो, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले.

बाजाराच्या दिवशी मुन्शीने वाळल्या मासळीचा ढीग लिंबाखालीच लावला. शेजारी भागाबाई नेहमीच्या जागी, रिकामी पाटी पुढे घेऊन बसली. लोक भुकेले होते, ढिगापर्यंत येत आणि तिच्या तोंडाकडे बघत. तोंड मिटलेले होते.

"काहून गं, आज खात न्हाईस?" कुणीतरी विचारले.

"मला काय इचारून राहिला? मासळी मुन्शीजींची हाय. त्यास्नी इचारा, खाल्ली का."

मुन्शी चपापला. "मला मासळी सोसत नाही."

"मागल्या बाजारी तर मरळ फुकट नेली व्हती की माझी! ती बरी सोसली?"

लिंबाखाली हशा पिकला. रहीमचाचांनी हातातला तुकडा ढिगावर परत ठेवला. "पहले तुम खाओ, मुन्शीजी. फिर हम." मुन्शीने खाल्ले नाही. ढीग तसाच राहिला.

तळे तिला बंद झाले, आणि तिच्यापायी आळीलाही. गुत्तेदाराने बाहेरची माणसे जाळ्यावर आणली. त्यानंतर भागाबाई कयाधू नदीच्या डोहांपर्यंत पायी जाई आणि मूठभर झिंगे आणी. आळीतल्या बायका बरेच दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. ती पायाला चिंध्या बांधून बाजारात येई, आणि त्या मूठभरातलेही आधी स्वतः खाई. "पाटी लहान झाली," ती मला म्हणाली. "नरडं तेवढंच हाय."

राज्य बदलायच्या सुमारास ती तापाने गेली. मी उशाशी होतो. शेवटपर्यंत औषधाच्या भांड्याकडे बोट करून गंगूला विचारत होती, "तू चाखलंस का आधी?"

राज्य बदलले, तळे भोयांना पुन्हा खुले झाले. गुत्तेदार नवा होता, मुन्शी तोच. सुतक फिटल्यावर गंगू पहिल्यांदा लिंबाखाली बसली. पाटी भरलेली, वर ओले फडके. गर्दी जमली, पण कुणी फडक्याला हात लावला नाही. रहीमचाचांनी हलकेच विचारले, "बेटी, खाई क्या?"

गंगूने पुरचुंडी सोडली. घास तोंडात गेला, पण गळ्याखाली उतरेना. डोळे वाहत होते. सगळे उभे होते. कुणी चिडवले नाही.

"आटपा लवकर," मागून मुन्शी म्हणाला. "बाजार खोळंबलाय."

गंगूने तो घास गिळला, पदराने तोंड पुसले, आणि दुसरा घास मोडला.