शेठची गाडी वरच राहिली

भोईवाड्यात धाकू घाडीचं गॅरेज आहे. गाड्या उचलायची दोन खांबांची लिफ्ट आणि मोडका डावा पाय, ही त्याची ओळख. पाय मोडला तो परुळेकर शेठच्या गॅरेजात कामाला असताना. शेठने मालासकट टेम्पो लिफ्टवर चढवायला लावला आणि टेम्पो मागे झुकून धाकूवर पडला. शेठने मात्र साऱ्या परळात सांगितलं की धाकूनेच लिफ्टचं लॉक लावलं नव्हतं. पुढे सहा वर्षं त्याला कुणी कामावर ठेवलं नाही.

परवा तोच शेठ, स्वतःचं गॅरेज बंद पडल्यामुळे, लाद्यांनी भरलेला जड पिकअप घेऊन आला. गिअरबॉक्समधून ऑइल गळत होतं.

"उचल रे पटकन, धाकू."

"आधी लाद्या उतरवा, शेठ. तुमच्या हातांनी."

शेठने घाम गाळत लाद्या उतरवल्या. समोरची अख्खी चाळ गॅलरीत येऊन बघत होती. धाकूने लिफ्टचे चारही पॅड चासीखाली नीट बसवले, गाडी वीतभर उचलून हलवून पाहिली, मग डोक्यावर नेऊन दोन्ही खांबांच्या लॉकवर टेकवली.

"या गाडीखाली. गळती दाखवतो."

शेठ जागचा हलला नाही.

"का? धाकू लॉक लावत नाही ना?" धाकूने विचारलं.

"लावलंस. मी बघितलं."

"आणि त्या दिवशी?"

धाकूने लिफ्टचा मेन स्विच बंद केला आणि स्टुलावर बसला. गाडी वरच राहिली.

शेठ वर गाडीकडे बघत पुटपुटला, "त्या दिवशीही लावलं होतंस. माल मीच उतरवू दिला नाही."

"मोठ्याने सांगा. तिसऱ्या माळ्यावर ऐकू गेलं नाही."

शेठ ओरडून बोलला. मगच धाकूने पाना उचलला.