लाल टोकाचं मोरपीस

काल नात माझ्या शेजारी बसून नखांना नेलपॉलिश लावत होती. त्या वासासरशी मी थेट गौलीगुड्यातल्या गळ विकणाऱ्या दुकानात पोचले.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. आमच्या घरात मासे कुणी खात नाही, पण ह्यांना गळ टाकून बसायचा भारी नाद. मासा धरायचा, न्याहाळायचा आणि परत पाण्यात सोडायचा. सासूबाईंना ‘भाजी आणतो’ सांगून हे मला तिथे घेऊन गेले. दुकानदाराने पाण्याची बादली पुढे ओढली, नायलॉनच्या दोऱ्याला मोरपिसाचा देठ बांधला आणि खाली शिशाचे बारीक मणी एकेक करून दाबत गेला. शेवटी देठाचं नुसतं टोक पाण्यावर राहिलं.

“असंच हवं. टोक बुडालं की मासा लागला समजायचं आणि ओढायचं,” हे ऐटीत म्हणाले. पण बघत होते बादलीच्या भलत्याच कडेला.

“साब, भाभीकू दिखरा, तुमकू नै दिखरा,” दुकानदार हसला.

नव्या बायकोसमोर रुबाब राहावा म्हणून ह्यांनी चष्मा लपवून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. मी पर्समधलं लाल नेलपॉलिश काढून ते टोक रंगवलं. तरी ह्यांना दिसेना. मग रविवारी तलावावर मीच शेजारी बसून “ओढा” म्हणत राहिले.

आता ह्यांच्या नाकावर चांगला जाड चष्मा असतो. लांबून येणाऱ्या बसचा नंबर माझ्याआधी वाचतात. तलावावर मात्र अजून विचारतात, “बुडालं का गं?”