हेलिकॉप्टरच्या वाऱ्यावर उपणणी

हरभऱ्याच्या भुशाचा आंबूस वास आला की मला ताडकळसजवळचं आमचं शेत आणि प्रचाराला आलेलं ते हेलिकॉप्टर आठवतं. घरापुरता हरभरा आम्ही काठीनं बडवून ठेवला होता, पण चार दिवस झाडाचं पान हलत नव्हतं आणि भुसा उडवून दाणे वेगळे करायची उपणणी वाऱ्यावाचून अडली होती. शेजारच्या वावरात हेलिकॉप्टर उतरणार असं कळलं, तेव्हा त्याच्याच वाऱ्यावर उपणून घेऊ, असं मीच सासूबाईंना सुचवलं. बंदोबस्ताचा पोलीस ओरडला, "मावशी, लांब सरका, लय जोराचा वारा येतो!" तिवईवर चढलेल्या सासूबाई म्हणाल्या, "त्याचीच तर वाट बघायलोय बाबा, चार दिस झाले!" मी भरलेली टोपली त्यांच्या हातात दिली आणि हेलिकॉप्टर आलं. उपणायला वारा एका बाजूनं लागतो. हा वरून आदळून चहूकडे पसरला. दाणे, भुसा, माती एकदमच उडाली, सासूबाई तिवईसकट खाली आल्या आणि गोठ्याचा सुटलेला पत्रा, क्षणभरापूर्वी त्या जिथं उभ्या होत्या, तिथून सणसणत गेला. मनगट मोडलं, तेवढ्यावर निभावलं. दवाखान्यात त्यांना प्लास्टर घालत होते तेव्हा नवरा चिडून म्हणाला, "ही अक्कल कोणाची?" सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी. तुला काय करायचंय?" घरात अजूनही हा किस्सा सासूबाईंचा वेडेपणा म्हणून सांगतात, आणि पाहुणे आले की मीही तसाच सांगते.