देवघराचा मसावि

कापलेली फरशी देवापुढं नको, घर भंगतं, असं सासूबाईंनी पाया खणतानाच बजावलं होतं. वाटणी झाल्यापासून त्यांचे दोन्ही मुलगे, म्हणजे माझे मिस्टर आणि थोरले दीर, एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे भंगण्याचा त्यांनी भलताच धसका घेतला होता. मनासारखं देवघर झाल्याशिवाय वराळ्याच्या नव्या घरात पाऊल टाकणार नाही, असा त्यांचा हट्ट.

मी म्हटलं, हे तर माझ्या घरचं काम. पाचवीच्या वर्गाला मी मसावि शिकवते. दोन्ही संख्यांना पूर्ण भाग जाईल अशी मोठ्यात मोठी संख्या शोधायची, बस्स. ह्यांनी माप आणलं होतं: लांबी चौऱ्याऐंशी इंच, रुंदी साठ. चौऱ्याऐंशीतून साठ गेले, उरले चोवीस. साठाला चोविसानं भागलं, बाकी बारा. बारानं चोविसाला पूर्ण भाग जातो. म्हणजे एक फुटाची चौकोनी फरशी, एकही तुकडा न करता! मी जाम खूश. फरशी आणूनसुद्धा टाकली.

बसवायच्या दिवशी फरशीवाल्यानं टेप लावला आणि म्हणाला, "मॅडम, हितं त्र्याऐंशी भरतंय. आडवं एकोणसाठ."

माप प्लास्टरच्या आधीचं होतं! चारी भिंतींनी अर्धा-अर्धा इंच खाल्ला होता. तिथंच खडूनं भिंतीवर भागाकार मांडला. बाकी चोवीस, मग अकरा, मग दोन, मग एक. पुन्हा मांडला, तरी एकच. एवढासा इंच गेला आणि बाराचा मसावि एकावर यावा? वर्गात अशी उदाहरणं मीच घालते, पण तेव्हा फरशी आधीच आणून टाकलेली नसते. इंचाइंचाच्या फरश्या कोण बसवणार?

सासूबाईंना सांगितलं. आता आकाशपाताळ एक करतील, या भीतीनं मी डोळे मिटूनच उभी. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग फरशीच नको. कोबा करा. त्याला जोडच नसतो."

कोबा म्हणजे सिमेंटची अखंड, घोटून गुळगुळीत केलेली जमीन. आणि आमच्यात घोटीव कोबा करावा तर थोरल्या दिरांनीच. ते गवंडीकाम करतात. हे लक्षात आलं आणि मी डोळे उघडून सासूबाईंकडे बघतच राहिले. त्या पदर खोचून फोन मागत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट बांधकामावर गेले आणि दारातच थिजले. देवघरात थोरले दीर गुडघ्यावर बसून थापी फिरवत होते. कोपऱ्यात हे, हातात पाण्याची बादली. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. सासूबाई उंबऱ्यावर बसलेल्या.

पण कोबा वाळायच्या आत घोटावा लागतो, तो कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. थापी अडली. दिरांनी मान न वळवता हात मागं केला.

"पाणी दे रं," ते म्हणाले.