विहिरीवरचा शब्द

उन्हाळ्याच्या दुपारी सोलापुरातल्या आमच्या घरात पडदे ओढलेले असत आणि वडील त्या मंद उजेडात उद्याच्या तासाचं वाचत बसत. ते कायद्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचे. लहानपणी मला तो विषय समुद्रासारखा वाटे, दूरचा आणि कुणाच्याच मालकीचा नसलेला. देशांना पकडायला पोलीस नाहीत, मग ते ऐकतात कशाला, असं मी एकदा विचारलं.

त्यांनी जेऊरजवळच्या आमच्या गावातल्या विहिरीचं सांगितलं. ती सामायिक होती, निम्मी आमची, निम्मी त्यांच्या चुलतभावाची. दोन घरांत बोलणं नव्हतं, लग्नाच्या पत्रिकाही जात नसत. तरी एक आठवडा पाणी त्यांचं, पुढचा आमचा, ही बारी चालू होती. लिहिलेलं काही नव्हतं. दोघांनी विहिरीच्या काठावर उभं राहून शब्द दिला होता. बारी मोडली तर शिक्षा करणारं वर कुणी नाही, वडील म्हणाले, पण उद्या पुन्हा त्याच विहिरीवर यायचं असतं. बळकट देश शब्द मोडतात कधीकधी. मात्र मोडणाराही मी मोडला नाही असंच सांगत राहतो.

वडील चैत्रात गेले. ते चुलतभाव, माझे चुलते, खांदा द्यायला आले आणि स्मशानातूनच परतले. मी गावातल्या घरी भिंतीला टेकून असे. झोप कुठं संपते आणि जाग कुठं सुरू होते, कळत नव्हतं. समोर वडिलांनी लावलेल्या पेरूंची पानं वळायला लागली होती. शब्द देणारा गेला, आता पाणी कुणाचं? विचारायचा धीर होत नव्हता. आठवडा कुणाचा चालू आहे, हेही मी विसरले होते.

एका सकाळी मोटरीचा आवाज आला. घेतलं त्यांनी पाणी, असं वाटलं. बाहेर आले तर पाट आमच्या बागेत वाहत होता आणि चुलते फावड्यानं एकेका आळ्यात पाणी वळवत होते.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बारी तुमची हाय. कुणी आलं न्हाय, म्हनून सोडलं."

"शब्द बाबांचा होता," मी म्हणाले.

"घराचा हुता. मानूस गेला म्हनून बारी जाती व्हय?" पुढच्या आळ्याचं तोंड फोडत म्हणाले, "लई हेकट हुता तुजा बाप. पन बारी न्हाय मोडली कदी."

राज्यकर्ते बदलले तरी देशाचा करार उरतो, हे वडिलांचं वाक्य मी कितीदा ऐकलं होतं.

आठवडा संपला त्या सकाळी मी अनवाणी रानात गेले आणि पाट त्यांच्या बाजूला वळवून दिला.